जेवणासकट गाणगापूर

भालकी

मला बोलावणं आलं ते एक जागा भरायला. माघ लागता लागता माझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं, पत्र पुण्याला आलं: "अक्का, माघी पौर्णिमेला आमची मोटार गाणगापूरला जायलीय. तू ये. तुला देवदर्शन होईल, अन् आमची एक जागा तरी भरेल." पत्र वाचून आधी हसले, मग जरा काळजी वाटली. आमच्या सदाशिव पेठेत वाढलेली ही मुलगी लग्न होऊन चौदा वर्षं निजामाच्या राज्यात राहते आहे. तिची 'ताई' होते ती मी कधीच 'अक्का' झाले, आणि 'जाते आहे'चं 'जायलीय' झालं, त्याचं काही नाही. पण शांता उगीच कुणाला बोलावणारी नव्हे.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी चाळीस मुलींकडून निजामाचं राज्य पिवळ्या खडूनं रंगवून घेते, आणि स्वतः तिथं दोनदाच गेलेली. तेव्हा हेडबाईंपुढे देवाचं नाव घेतलं, आठ दिवसांची रजा काढली आणि निघाले. सोलापूरपर्यंत आगगाडी आणि पुढे मोटार, ह्या प्रवासाचं वर्णन करून कुणाला दमवत नाही. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर एका अंमलदारानं माझ्या लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडून हुंगली आणि एक फोड तोंडात टाकून मला जाऊ दिलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

शांताचे यजमान माणिकराव यांची एक प्रवासी मोटार आहे. सहा वर्षांपूर्वी ती त्यांनी आणि त्यांचे बालमित्र हणमंतअप्पा यांनी मिळून घेतली होती. दोघं एकाच गल्लीतले, घराची भिंत सामाईक. तीन वर्षं मोटार सुखानं चालली आणि मग दोघांत वाजलं. माणिकरावांचं म्हणणं, मोटारीत वीसच माणसं घ्यायची, गादीवर बसवायची, चहा पाजायचा. माणूस पुन्हा आपलीच मोटार शोधत येईल. हणमंतअप्पाचं म्हणणं, पस्तीस घ्यायची, वाटलं तर टपावर बसवायची, पण भाडं इतकं कमी ठेवायचं की गाडीबैलवाल्यानंही मोटारीत बसावं. वरची मिळकत गाणगापूरच्या दुकानदारांकडून दलालीत काढायची. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच कुणी माघार घेईना. शेवटी हणमंतअप्पानं दुसरी मोटार आणली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

न बोलता जे चाललं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. माणिकरावांनी खिडक्यांना पडदे लावले, तर हणमंतअप्पानं ग्रामोफोन बसवला. माणिकरावांनी चहाबरोबर बिस्किटं दिली, तर त्यानं भजी तळायला माणूस ठेवला. ह्यांनी निघताना प्रवाशांना गुलाबपाणी शिंपडलं, तर त्यानं सनईवाले आणले. आम्ही पुण्याची माणसं मोटारीत बसतो ती कुठंतरी पोचायला. इथं मोटारीत बसणं हीच एक जत्रा होऊन बसली होती.

"मग अडलंय कुठं?" मी शांताला विचारलं.

"येताना, अक्का."

इकडची एक रीत मला माहीत नव्हती. गाणगापूरला निघालेला माणूस जातानाचंच भाडं देतो. दत्ताच्या दारातून परत कधी निघायचं ते आपण कोण ठरवणार, असं सगळे मानतात. त्यामुळे परतताना जी मोटार मनाला येईल तिच्यात बसायचं. आणि गेल्या तीन पौर्णिमांना माणिकराव जाताना भरून गेले आणि येताना रिकामे आले. गादीवर बसून गेलेले लोक जत्रेत पैसे संपवून येताना स्वस्तात हणमंतअप्पाच्या टपावर बसून आले होते.

"ह्या खेपेला बी रिकामा आलो तर मोटार त्यालाच देऊन टाकतो," माणिकराव मला म्हणाले. "उदगीरला थोरल्या भावाची अडत हाय. तिथं गूळ जोखत बसतो." हे ते हसतच म्हणाले, पण शांता उठून आत गेली. मागाहून चुलीपाशी ती मला म्हणाली, "दुसऱ्याच्या हाताखाली बसणारा माणूस न्हाई ह्यो, अक्का. मोटार गेली तर वाळून जातील." तिचं पत्र का आलं ते मला तेव्हा समजलं.

ह्या खेपेला माणिकरावांनी शेवटचा डाव काढला होता. बाजारच्या दिवशी हलगीवाल्यानं दवंडी दिली: "जेवणासकट गाणगापूर हो! बसून पंगत! हुग्गी, वर तूप!" मी ओट्यावर उभी राहून ऐकत होते. तासाभरात बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडून दुसरी हलगी आली: "जेवणासकट गाणगापूर हो! शिरा, भजी, अन् वर विडा!" माणिकरावांनी कपाळाला हात लावला, आणि शांतानं घरातलं सगळ्यात मोठं पातेलं खाली काढलं.

वाटेवर

उजाडताना निघालो. मोटार हाकायला महबूब नावाचा ड्रायव्हर होता, डोक्याला रुमाल, तोंडात पान, आणि दख्खनी बोली अशी की मला निम्मी कळे आणि उरलेली आवडे. टपावर पातेली, लाकडं आणि पत्रावळींचा गठ्ठा. माझ्या शेजारी मन्नाएखेळ्ळीची गौराक्का होती. शेतकरीण, साठीच्या घरातली, कमरेला तंबाखूची पिशवी. भालकीला लेकीकडं आली होती, तिथूनच मोटारीत बसली. बसल्या बसल्या तिनं माझी तपासणी सुरू केली.

"तुमच्या पुण्याला जोंधळा हाय का?"

"आहे की."

"लेकरं किती?"

"चाळीस."

गौराक्कानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. शाळेतली, असं सांगेपर्यंत पुढच्या बाकावरही बातमी पोचली होती. नंतर हुमनाबादेपर्यंत लोक मान वळवून मला बघत होते.

हुमनाबाद येईतो माती लालभडक. पडद्यातून ती आत येते आणि पांढऱ्या लुगड्याचं काय करते ते मी लुगडं धुताना पुण्यात पाहिलं. पुढे उतार लागला की काळी रानं सुरू होतात. जोंधळा हुरड्याला आलेला, करडई फुललेली, मधूनच तुरीच्या काड्यांचे भारे. हे सगळं मला निवांत बघायचं होतं, पण ग्रामोफोन ऐकू आला आणि महबूब ताठ बसला. हणमंतअप्पाची मोटार मागून येत होती, टपावर माणसं, माणसांच्या मांडीवर बोचकी.

"महबूबभाई, जाऊ दे त्याला पुढे," मी म्हटलं.

"नक्को अक्का! पीछे रहे तो धूल खाना पडता!"

कमलापूरपर्यंत आम्ही पुढे होतो. तिथं लाल केळी मिळतात, वाटेत उतरून ती खाल्ल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. महबूब रेडिएटरात पाणी घालत होता तेवढ्यात हणमंतअप्पा आला, उतरला आणि त्यानं पिकलेल्या केळ्यांचे सगळे घड उचलून आपल्या प्रवाशांना फुकट वाटले. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. आडवा, गोरा, मिशा पांढरट, चेहरा हसरा. आमच्या मोटारीकडे मात्र त्यानं मुद्दाम पाठ केली होती. माणिकराव इरेला पेटून गेले आणि उरलेले घड घेऊन आले. ते सगळे कच्चे होते. प्रवाशांनी ते हातात घेऊन दाबून पाहिले आणि खाली ठेवले. गौराक्का म्हणाली, "राहू द्या अण्णा, भाजीला व्हतील," आणि सगळी केळी तिनं शांताकडं जमा केली.

गाणगापूर

सांजवेळी पोचलो. मोटारतळ गावाबाहेर एका मोठ्या कडुलिंबाखाली. आमची मोटार लिंबाच्या अलीकडे, हणमंतअप्पाची पलीकडे, मधे वीसेक पावलं. आम्ही बायका एका पुजाऱ्याच्या घरी उतरलो. गावात निम्मी दुकानं मराठी बोलतात, निम्मी कानडी, आणि गिऱ्हाईक हातचं जायला लागलं की सगळी दोन्ही बोलतात. मठात जाऊन पादुकांचं दर्शन घेतलं. मी काही फार देवभोळी नाही, पण त्या लहानशा झरोक्यातून आत बघताना मागून कुणी ढकलत नव्हतं, एवढ्यानंच मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे संगमावर गेलो, भीमा आणि अमरजा जिथं मिळतात तिथं. पाणी असं गार की मी दुसरी बुडी मारायला तयार नव्हते, आणि गौराक्कानं मला हाताला धरून मारायला लावली. शांता मात्र आली नव्हती. ती पहाटेपासून लिंबाखाली चुलीशी होती. परतले तेव्हा हुग्गी रटरटत होती. हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची गुळातली दाट खीर, वर खसखस आणि खोबरं. आमच्याकडे गव्हाची खीर करतात ती हिच्यापुढे आजाऱ्याचं पथ्य वाटेल. शिवाय वरण, भात, आणि त्या कच्च्या केळ्यांची झणझणीत भाजी. मी चव बघण्याच्या नावाखाली दोन वाट्या खाल्ल्या.

सूर्य माथ्यावर आला. माणिकरावांनी धुतलेलं धोतर नेसून वीस पत्रावळी मांडल्या, प्रत्येकीशेजारी द्रोण ठेवला. पलीकडे हणमंतअप्पानंही चाळीस मांडल्या, आणि ग्रामोफोन लावला. आणि प्रवासी? प्रवासी आले, खांद्यावरच्या पंच्यांच्या झोळ्या केल्या आणि दोन्ही पंगतींना वळसा घालून गावाकडे चालू लागले.

"अवो, पानं मांडलीत!" माणिकराव धावत गेले. "बसा की!"

गौराक्का थांबली. "अण्णा, आज माधुकरी हाय. पाच घरं मागायची, अन् झोळीत पडंल तेवढंच खायाचं. दुसरं अन्न आज तोंडात घालायचं न्हाई."

"मग काल कामून सांगितलं न्हाई?"

"तुम्ही इचारलं कवा? दवंडी ऐकून मला वाटलं, वाटेतलं जेवण असंल." आणि ती गेली.

गाणगापुरात दुपारी दत्तमहाराज स्वतः भिक्षेला येतात, कुणाच्या रूपात येतील ते सांगता येत नाही, म्हणून देणारे देतात आणि घेणारे मागतात. हे मला पुण्यात बसून माहीत होतं, पण मागणारे पंगतीला बसत नाहीत हे माहीत नव्हतं. मी माणिकरावांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ते मोटारीच्या पायरीवर बसले. "अक्का, वीस-बावीस खेपा केल्या असतील मी. माझं गाणगापूर म्हंजे ह्यो लिंब. दुपारभर मी मोटारीखाली नट आवळत असतो. माणसं दुपारी गावात जात्यात एवढं बघतो. पुजाऱ्याकडं जेवायला जात्यात असं वाटायचं." पलीकडे हणमंतअप्पाही तसाच उभा होता. त्याच्या दुपारी दुकानदारांच्या गाद्यांवर गेलेल्या. दोन शहाणे, साठ पत्रावळी, एक ग्रामोफोन आणि जेवायला चार कावळे! मला हसू आवरेना. पोट धरून हसले. मग शांताकडे बघितलं. ती डाव हातात घेऊन पातेल्याकडे नुसती बघत होती, आणि डोळे लाल झाले होते ते धुरानं नव्हे. त्या पातेल्यावर तिनं नवऱ्याची मोटार टांगली होती, आणि मी खिदळत होते. मला माझी लाज वाटली.

थोड्या वेळानं गौराक्का परत आली, घामाघूम. "चार झाली. पौर्णिमेची गर्दी, पाचवं दार काही मिळंना. सगळ्यांची भांडी रिकामी व्हायलीत." तिची नजर शांताच्या पातेल्यावर गेली. मग मोटारीवर, मग पुन्हा पातेल्यावर.

"मोटारीला घर म्हणायचं का?" मी म्हटलं.

गौराक्कानं न्याय दिला. "चूल पेटलीया, दारात बाई वाढायला उभी हाय. घर म्हंजे आनखी काय असतंय?" आणि तिनं मोटारीच्या पायरीपुढे उभं राहून झोळी पसरली. "ॐ भवति भिक्षां देहि!"

शांतानं डोळे पुसले आणि डाव भरला.

गौराक्का दहा माणसं घेऊन आली, दहांची पन्नास झाली. त्यांत हणमंतअप्पाच्या टपावरची मंडळी दिसताच माणिकराव कुजबुजले, "अगं, ही त्याची माणसं. आपल्या गिऱ्हाइकाचं जेवण त्यांना कामून वाढायलीस?"

शांता काही बोलणार तोच टपावरून महबूब ओरडला, "अण्णा, देव आया तो टिकट पूछते क्या?"

लोक हसले, माणिकरावही हसले आणि द्रोण भरायला बसले. ज्यांची तीनच घरं झाली होती ते विचारू लागले, चौथं झालं, पाचवं कुठं? शांतानं डाव सरळ लिंबापलीकडे रोखला. "त्ये काय, तिथं!" माणिकरावांच्या हातून द्रोण निसटला. पण लोक गेलेसुद्धा. हणमंतअप्पाचा आचारी कुठं तरी झोपायला गेला होता. मग त्या गृहस्थानं स्वतः बाह्या सारल्या आणि शिरा वाढायला घेतला, असा की निम्मा झोळीत आणि निम्मा मिशीला. त्याची माणसं आमच्या दारी, आमची त्याच्या दारी. वाजंत्री नव्हती एवढंच, बाकी लग्नघर झालं होतं.

गर्दी ओसरली तेव्हा शांतानं नवऱ्याच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, गाठी मारून झोळी केली आणि त्यांच्या हातात दिली. "बावीस खेपा झाल्या म्हणता. आज मागून या. पाच घरं."

ते गेले. अर्ध्या तासानं आले. चार झाली होती, गावातली दारं मिटली होती. ते आपल्याच मोटारीपुढे उभे राहिले. शांतानं डाव मागे घेतला.

"स्वतःच्या घरी माधुकरी मागत न्हाईत."

म्हणजे एकच घर उरलं. वीस पावलं ती, पण माणिकरावांना किती लांब वाटली ते मी बघत होते. एकदा थांबून त्यांनी मागे पाहिलं. शांतानं मुद्दाम चुलीत लाकूड सारलं. मग ते हणमंतअप्पापुढे जाऊन उभे राहिले. तीन वर्षांनंतर मित्राशी ते पहिले शब्द बोलले ते हे: "ॐ भवति भिक्षां देहि."

हणमंतअप्पाचा हात तसाच राहिला. कुणीतरी ग्रामोफोन बंद केला.

"खरवडच राहिलीय, माणक्या."

"चालंल."

त्यानं पातेलं खरवडून खरवडून सगळा शिरा झोळीत घातला. डाव आपटून आपटून शेवटचा कणही घातला. तरी तो हात मागे घेईना. आपल्या मोटारीकडे त्यानं पाहिलं. परतीची मंडळी टपावर चढून बसली होती, त्यांत आमची निम्मी होती.

"आन् हे बघ," तो म्हणाला, "बारा-पंधरा माणसं बी घे. कमलापूरच्या चढाला माझी मोटार रडायलीय. गेल्या खेपेला सगळ्यांना उतरून ढकलायला लावलं मी. कुणाला बोललो न्हाई."

"मला सांगायचं की रे."

"कसं सांगू? तू बोलायला न्हाईस अन् मी बी न्हाई." त्यानं डोळे पुसले, पण शिऱ्याच्या हातानं, त्यामुळे पंचाईत झाली. मग त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, गाठ मारली आणि तडक आमच्या पायरीपाशी आला. "वैनी, मी सकाळपासनं उपाशी हाय. माझं पहिलं घर तुमचं."

शांतानं पातेलं तिरपं केलं, उरली होती तेवढी हुग्गी त्याच्या झोळीत ओतली, आणि तिथंच उभी राहून ओक्साबोक्शी रडली. मीही रडले. ते सांगायला मला मुळीच संकोच नाही.

परतताना

माणिकरावांची मोटार गाणगापुरातून निघाली ती गादीवर वीस, गाद्यांच्या मधे सात, आणि टपावर, त्यांच्या सगळ्या तत्त्वांविरुद्ध, पाच माणसं घेऊन. पुण्याहून जागा भरायला आलेल्या मला जागाच मिळाली नाही. महबूबशेजारी हुग्गीचं पातेलं उपडं घालून त्यावर बसले, आणि गुलबर्ग्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला ते माझ्याखाली घंटेसारखं वाजलं. कमलापूरच्या चढाला हणमंतअप्पाची मोटार खरंच थांबली. तेव्हा माणिकरावांनी दोर काढला, दोन्ही मोटारींची माणसं उतरली, आणि ओढत, ढकलत, ओरडत ती वर नेली. गौराक्का सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती आणि ढकलत मुळीच नव्हती.

काल शांताचं पत्र आलं. पडदे आता हणमंतअप्पाच्या मोटारीलाही लागलेत आणि ग्रामोफोन एक पौर्णिमा इकडे, एक पौर्णिमा तिकडे असतो. जेवण दोघांनी बंद केलं. दोन्ही मोटारींवर रंगाऱ्याकडून एकच ओळ लिहून घेतली आहे: "जेवण मिळणार नाही. माधुकरी मागावी." शांता एक पातेलं हुग्गी आणि हणमंतअप्पा एक पातेलं शिरा मात्र शिजवतातच, पायरीवर वाढायला. दुपारी माणिकराव झोळी घेऊन गावात चार घरं मागतात आणि पाचव्या घरासाठी लिंबापलीकडे येतात.

खाली ओळ होती: "अक्का, पुढल्या माघीला यायचं असंल तर आधी कळव. जागा राहत न्हाई."